वळणाला रंधा चालत नाही

कुऱ्हाड ऑनलाइन मागवली, ही पहिली चूक. फोटोत तिचा दांडा असा काही डौलात वळलेला होता, की गावाकडची आमची सरळसोट दांड्याची कुऱ्हाड त्यापुढे अगदीच गरीब वाटली. तिसऱ्या दिवशी घरामागे बाभळीचं खोड फोडताना तो दांडा बरोबर वळणाच्या जागी मोडला आणि पातं माझ्या पायापासून हातभर अंतरावर मातीत घुसलं. कंपनीने पैसे परत केले. पाय परत केला असता की नाही, माहीत नाही.

दोन्ही तुकडे घेऊन मी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी पात्याकडे बघितलंही नाही. मोडलेली जागा उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो आत्ता मोडला न्हाई. ह्यो तिथं आधीच तुटल्याला व्हता. तू निस्ता निकाल लावलास."

मग त्यांनी दाखवलं ते सोपं होतं. लाकडात उभे धागे असतात, म्हणजे झाड ज्या दिशेने वाढलं त्या दिशेच्या रेघा. माझ्या दांड्यात या रेघा सरळ होत्या आणि दांडा वळलेला होता. सरळ फळीवर वळणाचा छापा ठेवून यंत्राने तो कापून काढला होता. त्यामुळे वळणापाशी धागे दांड्याच्या एका कडेने आत शिरून चार बोटांवर दुसऱ्या कडेने बाहेर पडत होते. तिथे दांडा दिसायला अखंड होता, पण त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधून ठेवणारा एकही धागा नव्हता.

"मग वाकडा दांडा करायचाच नाही का, काका?"

"करायचा की. पर आदी लाकडाला इचारायचं."

मी तो स्वतः करायचं ठरवलं. ही दुसरी चूक असेल असं तेव्हा वाटलं होतं. कशाने करायचा, हे शोधायला मोबाइल उघडला आणि पुढचे तीन आठवडे मी दांड्यापेक्षा अवजारांच्या इतिहासातच जास्त रमलो. प्रश्न एवढाच होता की वळणदार लाकूड घडवायला आणि गुळगुळीत करायला नेमकं कुठलं अवजार घ्यायचं. त्याचं उत्तर मात्र थेट तुतनखामेनच्या रथापर्यंत जातं.

*

आधी रंध्याचं बघू, कारण सुतार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंधाच येतो. रंध्याचं सगळं शहाणपण त्याच्या तळात असतं. लांब सपाट तळ लाकडाच्या उंचवट्यांवर टेकतो आणि पातं फक्त तेवढेच उंचवटे खरवडतं. म्हणजे रंधा ही पातं बसवलेली पट्टीच. चालवणाऱ्याचा हात थोडा डळमळला तरी तळ सांभाळून घेतो.

आता हाच रंधा खोलगट वळणावर ठेवा. तळाची दोन टोकं टेकतात आणि मधलं पातं हवेत राहतं. फुगीर वळणावर ठेवला तर तळ एकाच बिंदूवर टेकतो आणि सी-सॉसारखा डोलतो. पट्टी वळण मोजू शकत नाही, तसाच हा प्रकार. यावर तोडगे निघाले नाहीत असं नाही. तळच गोलाकार असलेले रंधे जुनेच आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लवचिक पोलादी तळाचे रंधेही निघाले. स्क्रू फिरवला की तळ आत किंवा बाहेर वाकतो. पण तेही ठरावीक घेराच्या वळणालाच चालतात. कुऱ्हाडीचा दांडा, नांगराचा इसाड, खुर्चीची पाठ यांची वळणं दर बोटाला बदलतात. तिथे तळ उपयोगाचा नाही, उलट अडचणीचाच.

म्हणून वळणाच्या अवजारांचा इतिहास मला तळ कमी करत जाण्याचा इतिहास वाटतो. तळ जितका छोटा, तितकी जबाबदारी हातावर जास्त.

सगळ्यात जुन्या अवजाराला तर तळच नाही. ते म्हणजे वाकस. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला समांतर असतं, वाकसाचं आडवं, कुदळीसारखं. प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे रंधा नव्हता. वाकसाने तासायचं आणि मग वालुकाश्माच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचं, एवढ्यावर त्यांनी काय काय केलं ते कैरोच्या संग्रहालयांत दिसतं. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यात सहा रथ होते. त्या काळच्या इजिप्शियन रथाच्या चाकातली गंमत बघा. एक आरा म्हणजे एक दांडी नव्हे. लाकडाच्या पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वाकवायच्या आणि शेजारशेजारच्या दोन व्हींच्या बाजू पाठीला पाठ लावून चिकटवल्या की एक आरा तयार होतो. वळण कापून काढलेलं नाही, वाकवलेलं आहे. म्हणून धागा कुठेही तुटत नाही. माझ्या ऑनलाइन कुऱ्हाडीच्या कंपनीला जे कळलं नाही, ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी पक्कं माहीत होतं.

आपल्याकडची साक्ष वस्तूंत कमी आणि शब्दांत जास्त आहे. लाकूड टिकत नाही, शब्द टिकतात. सुताराला संस्कृतात तक्षन् म्हणतात. तो शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूचं मराठीतलं लेकरू म्हणजे तासणं. चाकाचा अर आपल्याकडे आरा झाला. ऋग्वेदात वर्षाला बारा आऱ्यांच्या चाकाची उपमा दिली आहे. पेन्सिलला टोक काढताना आपण तिला तासतो, तेव्हा रथ बनवणाऱ्याचंच क्रियापद वापरत असतो.

*

वाकसानंतरची पायरी म्हणजे दोन मुठींची सुरी. एक लांब पातं आणि त्याच्या दोन्ही टोकांना काटकोनात वळवलेल्या मुठी. पातं आपल्याकडे ओढायचं. इंग्रजीत तिला ड्रॉनाइफ म्हणतात. १९३६ मध्ये स्वीडनच्या गोटलंड बेटावर एका शेतात नांगरताना फाळ एका पेटीला अडकला. मेस्टरमीरची पेटी म्हणून ती आता प्रसिद्ध आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग काळातल्या कारागिराची ही पेटी. आत दोनशेच्या वर वस्तू होत्या. त्यांत कुऱ्हाडी आहेत, वाकस आहेत, गिरमिटं आहेत, कानशी आहेत आणि ही ओढायची सुरीही आहे. आजच्या सुताराला ती पेटी दिली तर तो तासाभरात कामाला लागेल.

ही सुरी फार वेगाने लाकूड काढते, कारण ती कापते कमी आणि चिरते जास्त. धाग्याच्या वाटेने निघाली की हातभर लांबीची सालपटं सोडते. उलट दिशेने ओढली की धाग्यात घुसते आणि नको तिथली ढलपी उपटून आणते. जोसेफ मॉक्सन नावाच्या लंडनच्या छापखानेवाल्याने १६७८ च्या सुमारास हस्तव्यवसायांवर अंकाअंकाने लिहायला घेतलं. त्यात तो सांगतो की घरबांधणीच्या सुतारकामात ही सुरी फारशी लागत नाही, स्टुलाचे पाय आणि शिडीच्या दांड्या असल्या घरगुती गोष्टींना लागते. म्हणजे गोल आणि निमुळत्या वस्तूंना. घर सरळ रेषांचं असतं. वळणं असतात ती माणसाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंत.

आणि मग येतो या गोष्टीतला माझा लाडका, स्पोकशेव्ह. नावातच काम आहे, आरे तासायचा. दोन मुठींच्या मधोमध एक छोटंसं पातं आणि पात्यापुढे जेमतेम बोटभर रुंदीचा तळ. ड्रॉनाइफ आणि रंधा यांचं लग्न लावलं तर जे मूल होईल ते हेच. तळ इतका आखूड की वळणात शिरतो, पण अगदीच नाही असं नाही, म्हणून पातं खोल घुसत नाही. सुरीने ओबडधोबड घडवलेलं वळण हा गुळगुळीत करतो आणि त्याच वेळी थोडं थोडं बदलतोही.

जुने स्पोकशेव्ह लाकडी असत. पात्याच्या दोन टोकांना वर वळलेले काटे, ते लाकडी अंगात ठोकून बसवलेले. पातं जवळजवळ आडवं पडलेलं, म्हणून काप अतिशय हळुवार. पण तळ झिजायचा, मग तिथे पितळी पट्टी बसवायची. १८५८ मध्ये बॉस्टनच्या लेनर्ड बेलीने लोखंडी स्पोकशेव्हचं पेटंट काढलं आणि १८६९ मध्ये त्याचा सगळा कारभार स्टॅनली कंपनीने विकत घेतला. लोखंडी अवजारात पातं रंध्यासारखं तिरपं उभं असतं. ते टिकाऊ आणि स्वस्त, आणि स्क्रूने लावायचं असल्यामुळे नवशिक्यालाही जमणारं. जुने कारागीर म्हणायचे की लाकडीची सर त्याला नाही. बहुतेक खरंच असावं, पण आज सेकंडहँड बाजारात जे मिळतं ते याचंच वंशज असतं.

विकत घेताना तळ बघायचा. सपाट तळाचा स्पोकशेव्ह फुगीर वळणाला आणि लांबट, उथळ खोलगट भागाला चालतो. खोल वळणाला गोल तळाचा लागतो. एकच घ्यायचा असेल तर सपाट घ्या. गोल तळाच्या अवजाराला टेकायला जागाच नसते, त्यामुळे नवखा हात थरथरला की लाकडावर लाटा उठतात. मी आधी गोल घेतला. माझ्या पहिल्या दांड्यावर कोकण किनारा उठला होता.

*

या सगळ्या अवजारांची खरी शाळा म्हणजे चाक. आणि चाक बनवणाऱ्यांबद्दलचं मी वाचलेलं सर्वांत चांगलं पुस्तक एका अशा माणसाने लिहिलं आहे, ज्याला चाक नीट बनवता येत नव्हतं.

जॉर्ज स्टर्ट. जन्म १८६३, गाव इंग्लंडच्या सरे परगण्यातलं फार्नम. घरचा धंदा गाड्या आणि चाकं बनवण्याचा, आजोबांनी १८१० मध्ये विकत घेतलेला. पोरगा शाळेत मास्तर झाला, जॉन रस्किनची पुस्तकं वाचून हातकामाच्या प्रेमात पडला आणि १८८४ मध्ये वडील वारल्यावर त्याच्या गळ्यात तो कारखाना पडला. वय एकवीस. हातकाम हेच माणसाचं खरं काम असं वाचलेलं, पण हाताला काहीच येत नाही. भोवती बापाच्या वयाचे कारागीर, ज्यांना सगळं येतं पण जे एका शब्दात सांगू शकत नाहीत. आजच्या भाषेत हा स्टार्टअपचा नेपो-सीईओ, आणि त्याला स्वतःलाही ते कळत होतं. कामाचा दर काय लावायचा हेही कोणी सांगू शकत नव्हतं, कारण दर पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले होते. हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की काही कामं आपण तोट्यात करतोय.

त्याने १९२३ मध्ये 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा तो आजारी होता आणि तो धंदा जवळजवळ इतिहासजमा झाला होता. चार वर्षांनी तो गेला. पुस्तकाची ताकद अशी की तो भावुक होता होता थांबतो आणि लाकडाबद्दल बोलायला लागतो. चाकाचा मधला तुंबा एल्म झाडाचा, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि आरे ठोकताना तो फुटत नाही. आरे ओकचे, तेही कापलेले नाहीत, फाडलेले. करवत धाग्याची पर्वा करत नाही, पाचर मात्र धाग्याच्याच वाटेने जाते, त्यामुळे फाडलेल्या आऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धागा अखंड असतो. आणि घेराचे तुकडे ॲशचे. मागच्या मोठ्या चाकाला बारा आरे आणि सहा तुकडे, पुढच्या लहान चाकाला दहा आरे आणि पाच तुकडे. प्रत्येक तुकड्यात दोन आरे बसतात.

या घेराच्या तुकड्यांपाशी आपण थोडं थांबू, कारण माझा मोडलेला दांडा आणि ते तुकडे ही एकाच प्रश्नाची दोन रूपं आहेत. तुकडा वळलेला हवा आणि धागाही शक्य तितका वळणाबरोबर जाणारा हवा. म्हणून जंगलात झाड निवडतानाच वाकलेला ॲश शोधायचा. पाळी आल्यावर, म्हणजे लाकूड काही वर्षं सुकल्यावर, छापा ठेवायचा, बाहेरची बाजू कुऱ्हाडीने उतरवायची, आतली खोलगट बाजू वाकसाने. मग स्पोकशेव्ह. हे करताना गाठ लागते, चीर लागते, कुठे साल आत शिरलेली असते. प्रत्येक ठिकाणी कारागीर थांबतो, तुकडा फिरवतो, दुसऱ्या बाजूने येतो. स्टर्टचं म्हणणं असं की हे थांबणं हेच त्याचं ज्ञान होतं. ते डोक्यात नव्हतं, बोटांत होतं, आणि लाकूड त्याला दर वेळी नवा प्रश्न विचारत होतं.

त्याची एक कबुली मला फार आवडते. गाडीच्या लाकडांच्या कडा जागोजागी सुरीने तासून उतरवलेल्या असत. त्याला वाटायचं ही नक्षी आहे. पुढे कळलं की ते वजन कमी करण्यासाठी आहे. जिथे सांधा आहे तिथे लाकूड पूर्ण जाड ठेवायचं, जिथे जोर नाही तिथलं काढून टाकायचं. घोड्याला तेवढं ओझं कमी. त्या कडांचं वळण म्हणजे कुठे किती ताण येतो याचा लाकडात काढलेला नकाशा होता. चाकाला बशीसारखा खोलगटपणा का देतात, हेही त्याला असंच उशिरा उमगलं. घोडा चालताना डुलतो, त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर गाडीचं वजन या चाकावरून त्या चाकावर ढकललं जातं. सपाट चाक अशा धक्क्यांनी उलटं होईल. बशी होत नाही.

आणि मग १८८९ मध्ये, धंदा वाचवायचा म्हणून, याच माणसाने कारखान्यात गॅसवर चालणारं इंजिन आणलं. त्यावर करवती, लेथ, भोकं पाडायचं यंत्र, धार लावायचा दगड. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कारागिरांना काम राहावं हाच हेतू होता. पण यंत्रकरवतीला गाठ दिसत नाही. कारागिराचं वाकस जिथे थांबायचं तिथून ती सरळ निघून जाते. काम वेगाने व्हायला लागलं आणि ज्यांच्याकडून आपण शिकत होतो त्यांचं ज्ञान आपणच निरुपयोगी केलं, हे स्टर्टला हळूहळू दिसत गेलं. पुस्तकात तो स्वतःला माफ करत नाही, यंत्राला शिव्याही घालत नाही. त्याच्या नावाने नंतर इंग्लंडात जुन्या खेड्याचे बरेच उमाळे काढले गेले. त्यांना तो जबाबदार नाही. आपल्या कारागिरांना किती कमी पैसे मिळत होते हे तो लपवत नाही.

*

इथे एक गैरसमज टाळायला हवा. यंत्राला वळण जमत नाही, असं नाही. १८१९ च्या सुमारास अमेरिकेतल्या थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे दस्ते बनवणारं लेथ तयार केलं. एक चाक नमुन्याच्या अंगावरून फिरतं आणि त्याच्या हालचालीप्रमाणे दुसरीकडे पातं लाकूड कापतं. पुढे याच तत्त्वावर बुटांचे साचे, चाकांचे आरे, कुऱ्हाडीचे दांडे धडाधड निघायला लागले. पट्टा-करवतीचं पेटंट तर लंडनमध्ये १८०८ मध्येच घेतलं गेलं होतं. तिचं पातं सांध्यावर तुटायचं, म्हणून वापरात यायला शतकाचा उत्तरार्ध उजाडला. ती आल्यावर चाकाच्या घेराचे तुकडे सरळ फळीतून बिस्किटासारखे कापता येऊ लागले.

यंत्राने वळणाचा आकार घेतला. आकाराची नक्कल होते. पण त्या आकारापर्यंत लाकडातून कुठल्या वाटेने पोचायचं, हे नमुन्यावर लिहिलेलं नसतं, कारण दर लाकडात ती वाट वेगळी. ऑनलाइन कुऱ्हाडीचा दांडा आकाराने अगदी बिनचूक होता.

आपल्याकडे यंत्र वेगळ्या रस्त्याने आलं. बैलगाडीचं बाभळीचं चाक गावचा सुतार करायचा. त्याच्याकडे स्पोकशेव्ह नव्हता. आखूड दांड्याचं वाकस, पटाशी, रंधा, कानस आणि शेकंजाच्या जागी स्वतःचे पाय. युरोपातला कारागीर लाकूड धरायला पायाने दाबायची घोडी बनवतो, आपला सुतार जमिनीवर बसून तळपायांत लाकूड धरतो आणि अंगठ्यापासून दोन बोटांवर वाकस चालवतो. आमचे काका अजून तसंच बसतात. मी बघू शकत नाही. वाकस लहान आणि धार चांगली असली तर त्याच्या बारीक बारीक टवक्यांनी जवळजवळ रंधल्यासारखं अंग येतं. मग काचेच्या फुटक्या तुकड्याने खरवडायचं. नांगरालाही असंच, सुताराची नजर शेताच्या बांधावरच्या वाकड्या बाभळीवर असायची. वाकडं झाड सरपणात जाऊ नये म्हणून शेतकरीही सांभाळायचा.

शेवटी लोहार धाव तापवायचा. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी कडं लाल व्हायचं, पसरायचं, चाकावर चढवून पाणी ओतलं की आवळून बसायचं आणि सगळे सांधे करकचून घट्ट व्हायचे. आमच्या आजोबांच्या पिढीला तो वास आठवायचा. मग रबरी टायर आणि लोखंडी आस आले. टायरची गाडी बैलाला हलकी जाते, रस्ता उकरत नाही, ऊस जास्त भरता येतो. यावर रडण्यासारखं काही नाही, निदान बैलाने तरी तक्रार केलेली नाही. पण इंग्लंडात चाकाच्या तुकड्यांचं काम आधी करवतीने खाल्लं आणि मग मोटारीने, आपल्याकडे अख्खं चाकच एका फटक्यात गेलं. आमच्या काकांनी शेवटचं चाक कधी केलं, ते त्यांनाच आठवत नाही. आता ते दारांच्या चौकटी बसवतात. म्हणजे सरळ रेषा.

*

तरी हे ज्ञान एका वस्तूत अजून जिवंत आहे आणि ती तुमच्यापैकी अनेकांच्या घरात दाराआड उभी आहे. क्रिकेटची बॅट.

बॅटचं विलो लाकूड आऱ्यांसारखंच फाडून घेतात. फाडलेल्या तुकड्याला क्लेफ्ट म्हणतात, म्हणजे फाडलेलाच. विलो हलकं आणि मऊ, म्हणून रोलरखाली दाबून त्याचा पृष्ठभाग घट्ट करतात. मग पाठ घडवायची. मेरठमध्ये किंवा जालंधरमध्ये हाताने बॅट बनताना पाहिलीत तर तीच हजार वर्षांची दोन मुठींची सुरी दिसेल, आणि तिच्यानंतर रंधा, स्पोकशेव्ह, कानस. मोठ्या कारखान्यांत आता संगणकावर चालणारी यंत्रं ढोबळ आकार काढतात, पण चांगल्या बॅटचा शेवटचा तोल बऱ्याच ठिकाणी अजून माणूसच साधतो. कारण प्रत्येक क्लेफ्टचं वजन वेगळं असतं.

ऑक्टोबर २०१७ पासून बॅटच्या मापांवर नवे नियम आले. रुंदी १०८ मिलिमीटर, जाडी जास्तीत जास्त ६७, कड जास्तीत जास्त ४०. पण वजनावर मर्यादा नाही. ती मर्यादा फलंदाजाचं मनगट ठरवतं. कडा जाड हव्यात, मधला फुगवटा हवा आणि वजन तर वाढता कामा नये. मग कारागीर काय करतो? फुगवटा आणि कड यांच्या मधलं लाकूड खोलगट खरवडून काढतो. जोर नाही तिथलं लाकूड काढून टाकायचं. फार्नमच्या गाडीवर स्टर्टला जी नक्षी वाटली होती, ती आज तुमच्या बॅटच्या पाठीवर आहे.

*

माझा दांडा तिसऱ्या प्रयत्नात झाला. बाभळीची एक फांदी मिळाली, मुळातच हलकी वळलेली. ती पाचर मारून फाडली. ओली असतानाच कुऱ्हाडीने आणि वाकसाने ढोबळ आकार दिला, टोकांना रंग फासला, म्हणजे सुकताना तडे जाऊ नयेत, आणि पावसाळाभर माळ्यावर ठेवली. मग जुन्या बाजारात मिळालेला ड्रॉनाइफ. इथे एकच नियम शिकलो, पण तो शिकायला दोन दांडे वाया गेले. नेहमी उताराने जायचं. फुगीर वळणावर माथ्यापासून दोन्ही टोकांकडे उतरायचं. खोलगट वळणावर दोन्ही कडांवरून तळाकडे उतरायचं आणि तळाशी थांबायचं. एका दमात खड्ड्यात उतरून पलीकडे चढायला गेलं की चढावर धागा उलटा होतो आणि पातं उपटायला लागतं. मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं. म्हणून वळणाच्या कामात दर थोड्या वेळाने लाकूड उलटं धरावं लागतं. स्पोकशेव्हचं बरं असं की तो ढकलताही येतो आणि ओढताही, त्यामुळे लाकूड न हलवता दिशा बदलता येते.

मुठीपाशी बाक इतका आवळ आहे की तिथे स्पोकशेव्हचा बोटभर तळही मावत नाही. तिथे खडबडीत दातांची लाकडाची कानस. कानशीला धाग्याची दिशा कळतच नाही, ती कुठूनही घासते, म्हणून नवशिक्याला तीच सगळ्यात आवडते. मलाही आवडली. पण ती धागे कापत नाही, फाडते, आणि तिचे ओरखडे काढताना अर्धा दिवस जातो. तिला शेवटचा उपाय म्हणून ठेवावं. ओरखड्यांवर पातळ पोलादी पत्र्याची खरवडणी फिरवायची, किंवा काकांसारखी फुटकी काच.

पॉलिश पेपर मी काढला तेव्हा काका हसले. लंडनमध्ये जॉन ओकीने १८३३ मध्ये काच-कागद बनवायचा धंदा सुरू केला, त्याआधी लोक मुशीच्या जातीच्या माशाचं वाळवलेलं कातडं वापरत. म्हणजे घासणं काही आधुनिक पाप नाही. पण त्याचे कण लाकडात रुततात आणि त्यानंतर कुठलंही पातं फिरवलं की धार जाते. म्हणून एकदा कागद लावला की परत सुरीकडे जाता येत नाही. आणि काकांच्या मते दांडा फार गुळगुळीत नसावाच, घामाच्या हातातून सुटतो.

त्यांनी दांडा मागितला. डोळे मिटले, पातं बसतं त्या टोकापासून मुठीपर्यंत तळहात सरकवत नेला. मग परत. वळणाच्या थोडं अलीकडे त्यांचा अंगठा थांबला.

"हितं बघ."

मला काहीच दिसलं नाही. हात लावला तरी काही लागलं नाही. त्यांनी माझा अंगठा धरून त्या जागेवर दाबून फिरवला, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा लागलं. नखाएवढा उंचवटा. मी स्पोकशेव्ह घेतला, दांडा उलटा केला.

"उताराकडनं," काका म्हणाले.